मुखडा पाठ झाला, आता सिनेमा बघ

प्रिय मुली,

'हम आज कहीं दिल खो बैठे' बसवते आहेस, असं तू लिहिलंस. फोनवर ऐकून चाल पाठ केलीस, मुकेशच्या आवाजातला ओलावाही पकडलास. छान. पण कार्यक्रमात गाण्याआधी हे गाणं ज्यात आहे तो सिनेमा, 'अंदाज', मोठ्या पडद्यावर बघायची संधी मिळाली तर सोडू नकोस, आणि तो लिबर्टीत लागला तर हातातलं काम टाकून जा. मरीन लाइन्सचं हे थिएटर १९४९ साली याच सिनेमाने उघडलं. देश नुकताच स्वतंत्र झालेला, म्हणून नाव लिबर्टी. जरा आधी पोच. आतली सजावट वामन नामजोशींची, ज्यांनी पुढे जयपूरचं राजमंदिर थिएटर उभं केलं. भिंतींचं लाकूड आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची गोठलेल्या कारंज्यांसारखी नक्षी दिवे मालवायच्या आत डोळे भरून बघून घे.

हे सगळं का सांगते? तुझ्या वयाची असताना मी हे गाणं एका मैफलीत रडवेलं करून गायले होते. मुकेश म्हणजे दुःख, एवढंच मला ठाऊक. टाळ्याही पडल्या. पुढे थिएटरात सिनेमा पाहिला आणि अंगावर काटा आला. पियानोवर बसलेला दिलीपकुमार तेव्हा दुःखी नाहीच! नर्गिसचं मन दुसऱ्याकडे, राज कपूरकडे, आहे याचा त्याला पत्ता नाही. तो आपलं मन उघडं करतोय, आणि ती ते मित्राचं गाणं म्हणून ऐकते आहे. पुढचा सगळा घोटाळा तिथेच रुजतो. म्हणून गाणं सुरू असताना गाणाऱ्याइतकंच तिच्या चेहऱ्याकडे बघ.

आणखी एक. राज कपूर म्हणजे मुकेश, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे मुकेश दिलीपकुमारसाठी गातो आणि राज कपूरला आवाज रफीचा आहे. नौशादांच्या चाली ऐकताना ही अदलाबदल लक्षात ठेव, दोन माणसांचे दोन स्वभाव कानानेच ओळखू येतात.

इयरफोनमध्ये गाणं तुझ्या डोक्याच्या आत वाजतं. थिएटरात भोंगे पडद्यामागे असतात आणि पडद्याला बारीक भोकं असतात, त्यातून आवाज येतो. त्या काळचं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे डावं-उजवं काही नाही. गळा समोरून, पडद्यावरच्या माणसाकडूनच, चालत तुझ्यापर्यंत येतो. श्वास कुठे घेतलाय तेही कळतं.

गाणं लागलं की चहाला उठणारे भेटतील. तू उठू नकोस, वडा मध्यंतरात खा. वही-पेन नेऊ नकोस, फोन पर्समध्येच राहू दे.

परत आलीस की पेटी घेऊन बसू. फक्त मुखडा ऐकव मला, तोही न रडता. अंतऱ्याचं मग बघू.

तुझ्या,
बाई