बकुळ लावावी की निशिगंध? बंद राहणाऱ्या किनाऱ्यावरच्या घरासाठी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गुहागरजवळच्या वडिलोपार्जित घराची डागडुजी झाली आहे, अंगणाच्या पश्चिमेला गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) दहा-बारा हात रुंदीची मोकळी जागा आहे, घर शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्याच वेळी उघडते, आणि त्या जागेत एक बकुळ लावावी की निशिगंधाचे कंद, यावर घरात दोन तट पडले आहेत. निशिगंधाच्या बाजूचे म्हणणे असे की कंद लावला की त्याच वर्षी फूल मिळते आणि झाडाची वाट बघत बसावे लागत नाही. हे म्हणणे खरे आहे, पण घर बंद राहते ही बाब त्यात धरलेली नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्या एका बाबीवर आणि जमिनीच्या खोलीवर होतो.

म्हणून आवडीनिवडीआधी पहार हाती घ्या. जमीन ओली असताना गडग्यालगत तीन-चार ठिकाणी पहार मारून बघावी. गुडघाभर खोलीपर्यंत ती सहज गेली तर बकुळीचा विचार पुढे न्यावा. वीतभर मातीखालीच दगडाचा ठणका लागला तर तो अखंड कातळ आहे की फुटीचा जांभा (भेगा असलेला तांबडा दगड), हे आधी समजून घ्यावे. फुटीच्या जांभ्यात मुळे फटींतून वाट काढतात. अखंड कातळात मात्र ब्रेकर लावून मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा मारला तरी त्याच्या भिंती पाणी सोडत नाहीत, पावसाळ्यात त्याचे टाके होते आणि रोप त्यात उभ्याउभ्या कुजते. असा खड्डा काढायचाच असेल, तर उताराच्या बाजूने पाण्याला वाट फोडून देणे हा त्याचाच भाग समजावा. कंदांना एवढे काही लागत नाही, त्यांचे काम वीत-दीड वीत मातीत भागते. तेव्हा खाली खरोखरच सलग कातळ असेल तर वादच मिटला, कंदच लावा.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. त्याला भरपूर ऊन हवे, निचरा हवा, आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सपाट जमिनीत लावलेला कंद जुलैच्या झडीत कुजतो. त्यासाठी वाफा निदान वीतभर उंच हवा, मातीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत हवे, आणि वाफा पागोळीखाली येता कामा नये. मे अखेरीस बोटभर खोल लावलेला चांगला कंद तीन-चार महिन्यांत दांडा काढतो, म्हणजे हिशेबाने तो गणपतीच्या सुमारास फुलायला हवा. प्रत्यक्षात भाद्रपद पावसाचा गेला तर दांडे आडवे होतात, कळ्या काळ्या पडतात, आणि खरा बहर पाऊस ओसरल्यावर, तुम्ही मुंबईला परत गेल्यावर येतो.

आणखी एक गोष्ट कंद विकणारे सहसा सांगत नाहीत. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढची फुले त्याच्या बाजूने सुटलेल्या पिल्ल्यांना येतात. ही पिल्ले पोसायची तर फुले झाल्यावर पात पिवळी पडेपर्यंत राखावी लागते, कारण पुढच्या वर्षाचे अन्न त्या पातीतूनच खाली उतरते. बंद घराची अडचण नेमकी इथे येते. निशिगंधाची पात दिसायला थेट गवतासारखी असते, आणि तुमच्या माघारी अंगण साफ करायला आलेला माणूस कोयतीने गवताबरोबर तीही कापून टाकतो. त्याला दोष देता येत नाही, कंबरभर वाढलेल्या गवतात ती वेगळी ओळखू येणे कठीणच असते. दोन-तीन वर्षांनी दाटलेले गड्डे उपसून वेगळे करणे हेही काम आहेच. हे सगळे करायला घरात राहते माणूस असेल तर निशिगंधासारखे समाधान नाही, आणि एकेरी पाकळीच्या जातीचा संध्याकाळचा वास दुहेरी जातीला कधी यायचा नाही. बाजारात मात्र दुहेरी दिसते जास्त.

जाता जाता सांगतो, ऑनलाइन जाहिरातींत ट्युलिप, डॅफोडिल आणि हायसिंथचे कंद सुंदर चित्रांसह दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यांना फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे सलग कडक थंडी लागते, आणि आपल्या किनाऱ्यावरची पौषातली पहाटसुद्धा त्यांच्या हिशेबाने उन्हाळाच असतो.

आता बकुळ. हे आपल्याच मातीतले झाड, चिकूच्या कुळातले. पान जाड, चकचकीत, कडेला किंचित लाटदार. खारा वारा ते बऱ्यापैकी सोसते, पण घर पुळणीलगत (वाळूच्या किनाऱ्यालगत) असेल आणि लाटांचे तुषार अंगणात येत असतील, तर बकुळीऐवजी उंडी लावावी. तीही सदाहरित आहे आणि किनारा हे तिचे स्वतःचे ठिकाण आहे. सदाहरित म्हणजे पान गळत नाही, असा समज घरात कोणाचा असेल तर तो आधी दूर करा. बकुळीची पाने एकदम न गळता वर्षभर थोडी थोडी गळतात, आणि कौलांच्या पन्हळीत साचली तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भिंतीवर उतरते. झाड घरापासून चार-पाच मीटर दूर, गडग्याच्या बाजूला ठेवायचे ते यासाठीही. पश्चिमेला असल्याने, मोठे झाल्यावर ते दुपारनंतरचे ऊन चिऱ्याच्या भिंतीवर येऊ देणार नाही, हा फायदा मे महिन्यात मुक्कामाला आलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागणार नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात अनेकांनी घराजवळ झाड नकोच असे ठरवले. माड, पोफळी आणि जुने आंबे ज्या प्रकारे आडवे झाले ते पाहता भीती समजण्यासारखी आहे. पण उथळ मातीत कातळावर मुळे पसरून उभे असलेले झाड आणि सोटमूळ खोल गेलेले, सावकाश वाढलेले झाड यांत फरक करायला हवा. म्हणून रोप घेताना त्याच्या उंचीला भुलू नये. पिशवी हातात घेऊन तळ बघावा: मुळे छिद्रातून बाहेर येऊन जाड झाली असतील, किंवा पिशवी फाडल्यावर सोटमूळ तळाशी दोरीच्या वेटोळ्यासारखे फिरलेले दिसले, तर ते रोप परत करावे. असे झाड वरून छान वाढते, पण जोराच्या वाऱ्यात मुळाशी दगा देते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा ओळखीच्या रोपवाटिकेतून हातभर उंचीचे, ताजे रोप घेतलेले बरे.

बकुळ वाढायला सावकाश असते आणि बियांपासून केलेल्या रोपाला फुलावर यायला काही वर्षे जातात, हे निशिगंधवाल्यांचे म्हणणे मान्य करावेच लागते. पण तिला देखभाल कधी लागते ते पाहा. मृगाचा पाऊस नीट लागल्यावर रोप लावले की पहिले चार महिने त्याला कोणाची गरज नसते. अडचण पहिल्या तीन उन्हाळ्यांची, त्यातही फेब्रुवारी ते मे या काळाची आहे. बुंध्यापासून हातभर अंतरावर तळाला बारीक छिद्र पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरून, आळ्यात सुक्या पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि शेजाऱ्यांना आठवड्यातून दोनदा मडके भरण्याची विनंती करावी. एवढे काम शेजारी आनंदाने करतात. कंदांची निंदणी कोणी दुसऱ्याच्या घरी करत नाही. तीन उन्हाळे निघाले की झाड आपले आपण बघते, आणि पुढे ऐन मे महिन्यात पहाटे अंगणात फुलांचा सडा पडलेला असतो. सुकलेल्या फुलांनाही वास राहतो, त्यामुळे ओवलेले सर मुंबईपर्यंत नेता येतात, निशिगंधाचे तसे नाही.

शिमग्याच्या दिवसांसाठी सुरंगी लावावी असेही कोणी सुचवेल. वेंगुर्ल्याकडचे तिच्या फुलांचे वळेसर (गजरे) पाहिलेल्या माणसाला तो मोह होणारच. पण ते झाड मोठे होते, फुलावर यायला फार वेळ घेते, आणि दहा-बारा हातांच्या पट्टीत मी ते लावणार नाही.

तेव्हा पहार खोल गेली तर माझे मत बकुळीच्या बाजूने आहे, आणि कंदांची हौस त्याच पट्टीत वेगळ्या कंदांनी भागवावी. बाजारात जिच्या कळ्यांच्या जुड्या लिली म्हणून मिळतात ती स्पायडर लिली गडग्याच्या कडेने लावा. ती खारे वारे आणि धो धो पाऊस दोन्ही सोसते, विषारी असल्याने गुरे-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, आणि रुंद पानांमुळे गवत कापणाऱ्याला ती लांबूनही दिसते. बकुळीच्या होऊ घातलेल्या सावलीत फुटबॉल लिलीचे दहा-वीस कंद पुरून ठेवा. अर्धी सावली तिला चालते, वळवाच्या सरींनंतर मे-जूनमध्ये एका कंदाला एकच लाल गोळा येतो आणि पावसाळा सरल्यावर पान जिरून जाते, म्हणजे जेव्हा देखभाल करायला कोणी नसते तेव्हा तिला देखभाल नकोच असते. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पहिल्या पावसात फुलणारी दिपकाडी ही रानटी कंदवनस्पती मात्र उपटून अंगणात आणू नका; कोकणाबाहेर ती कुठेच आढळत नाही, तिला तिच्या कातळावरच राहू द्यावे.

निशिगंध हवाच असेल तर चार कंद कुंडीत लावून मुंबईच्या उन्हाच्या खिडकीत ठेवा. पहारेचा अंदाज आणि समुद्र घरापासून किती अंतरावर आहे हे कळवलेत, तर उंडी की बकुळ हेही नक्की सांगता येईल.