फोन उचलला नाही की काय समजायचं? ट्रक ड्रायव्हरच्या घरातलं नेहमीचं भांडण

लांब पल्ल्याच्या ट्रकवर असणाऱ्या ड्रायव्हरच्या घरातलं कोणी माझ्याकडे समुपदेशनाला आलं की प्रश्न फिरून फिरून तोच असतो, "फोन लावला, उचलला नाही, आता काय समजायचं?" बायको विचारते, आई विचारते, कॉलेजातली मुलगीसुद्धा विचारते. आणि ड्रायव्हरचं म्हणणं, "गाडी चालवू का फोन उचलू?" दोघंही बरोबर असतात, म्हणूनच तर भांडण मिटत नाही. त्यातल्याच एका जोडप्याबद्दल लिहितेय, त्यांना विचारून. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं देतच नाही, दादा आणि वहिनी म्हणते.

दादा बरीच वर्षं लाँग रूटवर. निघाले की आठ-दहा दिवस बाहेर, मग घरी दोन दिवस, त्यातला पहिला नुसता झोपेत. वहिनी पहिल्यांदा एकट्याच आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, ह्यांचं बाहेर काही आहे का ते कसं ओळखायचं?" थोडं बोलत गेल्यावर लक्षात आलं की संशय हा वरचा थर आहे, खाली निव्वळ भीती. ओळखीतल्या एका ड्रायव्हरचा रात्री अपघात झाला होता आणि त्याच्या घरी सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून ह्यांनी नवऱ्याच्या मोबाईलचं लाइव्ह लोकेशन चालू करून घेतलं, दिवसभर तो ठिपका बघायचा, ठिपका थांबला की फोन, फोन उचलला नाही की पुन्हा फोन, मग मेसेज, मग दिराला फोन, आणि शेवटी दादा बोलले की पहिलं वाक्य "जिवंत आहात ना?" हे नसायचं, "कुठे होतात इतका वेळ?" हे असायचं. समोरचा माणूस लोडिंगच्या लाइनीत चार तास उभा राहून वैतागलेला. पुढे काय होत असेल ते सांगायला नको.

आता ठिपका थांबायची कारणं बघा. वजनकाटा, चेकपोस्ट, पंक्चर, ताडपत्री सैल झाली ती आवळायला थांबणं, अनलोडिंगला नंबर न लागणं, नेटवर्क जाणं, किंवा साधं म्हणजे माणूस झोपलाय. ट्रकच्या कामात थांबणं रोजचंच आहे. पण भीती लागलेल्या माणसाला थांबलेला ठिपका म्हणजे एकच गोष्ट दिसते.

मी वहिनींना विचारलं, फोन उचलल्यावर किती वेळ बरं वाटतं? त्या विचार करून म्हणाल्या, "अर्धा तास. कधी तेवढंही नाही." मला हेच हवं होतं. खात्री करून घेण्याचं असंच असतं, खाजवल्यावर जरा बरं वाटतं आणि खाज वाढते. दर वेळी फोन करून जीव शांत झाला की मेंदू शिकतो की आपण फोन केला म्हणून बरं वाटलं, आणि पुढच्या वेळी फोनशिवाय थांबणं अजून अवघड होतं. लोकेशन बघून काळजी कमी होईल असं सगळ्यांना वाटतं, माझ्या अनुभवात तसं क्वचितच होतं. तरी एकदम बंद करा असं मी सांगितलं नाही, सांगूनही त्यांनी केलं नसतं. एवढंच म्हटलं की बघावंसं वाटलं की आधी वहीत लिहा, आत्ता काय झालं असेल असं वाटतंय, मग दहा मिनिटं थांबा, मग बघा, आणि नंतर खरं काय निघालं ते शेजारी लिहा. पानभर झाल्यावर त्यांनाच वाचायला लावलं. डावीकडे सगळीकडे अपघात, उजवीकडे "जेवत होते", "रेंज नव्हती", "गाडी धुवायला लावली होती". हसल्या. लगेच फरक पडला असं नाही, पण हसल्या.

नंतर दादा घरी होते तेव्हा दोघं एकत्र आले. दादा खुर्चीच्या टोकावर बसलेले, म्हणजे कधीही उठून जायच्या तयारीत. त्यांना वाटत होतं इथे पण बोलणी खायची आहेत. मी विचारलं, रात्रीच्या फोनचं काय? तर वहिनी म्हणाल्या, पहाटे तीनच्या सुमाराला मी मुद्दाम फोन करते, ह्यांना झोप लागू नये म्हणून, बोलत राहिलं की जागे राहतात. अगदी प्रेमाने सांगत होत्या. दादा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "एकदा फोन चालू असतानाच डोळा लागलेला. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यांचा खडखडाट झाला म्हणून जाग आली. तू पलीकडे बोलतच होतीस."

वहिनींना हे माहीत नव्हतं. दादांनी कधी सांगितलंच नव्हतं, सांगितलं तर ही अजून फोन करेल म्हणून.

माझ्या मते ह्या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून इथे जरा थांबते. झोप आलेल्या माणसाला बोलून, गाणी लावून, काच खाली करून फार तर थोडा वेळ ढकलता येतं, झोप जात नाही. पहाटे दोन ते सहा ही वेळ शरीराच्या घड्याळात सगळ्यात खालची, कितीही सवयीचा ड्रायव्हर असो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं की सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची कामाची क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, आणि २४ तासांनी ०.१० टक्के असल्यासारखी. म्हणजे दारूला हात न लावणारा माणूस प्यायल्यासारखा चालवत असतो आणि त्याला स्वतःला कळतही नाही. ह्यावर उपाय एकच, गाडी सुरक्षित जागी लावून झोपणं. तेवढा वेळच नसेल तर कॉफी पिऊन लगेच १५-२० मिनिटांची डुलकी, कारण कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि तोवर डुलकी होऊन जाते. उठल्या उठल्या मात्र स्टेअरिंगला हात लावायचा नाही, डोकं काही मिनिटं जड असतं. आणि ही सोय पुढच्या थांब्यापर्यंत पोचण्यापुरती, रात्रभराच्या झोपेचा हिशोब तिने फिटत नाही.

वहिनींना मी विचारलं, तुम्हाला ते जागे हवेत की सुखरूप? प्रश्न थोडा कडक होता पण विचारायला लागला.

मेसेजचंही सांगितलं, कारण दादा फोन उचलत नसले तरी "चालवतोय" असं टाइप करायचे आणि त्यात त्यांना काही वाटत नव्हतं. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २००९ मध्ये ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात मेसेज टाइप करताना अपघाताची किंवा थोडक्यात वाचण्याची वेळ येण्याची शक्यता २३ पट निघाली होती, अशा वेळी सहा सेकंदांपैकी साडेचार सेकंदांहून जास्त वेळ नजर रस्त्यावर नव्हती. ताशी ८० च्या स्पीडला तेवढ्यात गाडी शंभर मीटर गेलेली असते, भरलेली गाडी. दादांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि मान हलवली. आकड्यांची भाषा त्यांना माझ्या बाकीच्या बोलण्यापेक्षा जास्त पटली असं मला वाटतं.

मग दोघांनी मिळून ठरवलं, मी फक्त मधेमधे प्रश्न विचारले. घड्याळाची वेळ ठरवायची नाही, कारण ह्या धंद्यात ती पाळता येत नाही आणि पाळली नाही की पुन्हा भांडण. त्याऐवजी हॉल्ट धरायचा. निघायच्या आधी दादांनी एक व्हॉइस मेसेज टाकायचा, "आता निघतोय, पुढचा हॉल्ट चारेक तासांनी", आणि थांबल्यावर फोन. चार तास हा आकडा हवेतला नाही. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं ब्रेक सक्तीचा आहे, अमेरिकेत आठ तास चालवल्यावर निदान अर्धा तास, आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. पाळतं कोण तो वेगळा विषय. सांगितलेल्या वेळेच्या वर दोन तास सोडायचे, त्यानंतरही काही कळलं नाही तर वहिनींनी दादांना वीस फोन न करता ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला एकच करायचा. घरातली भांडणं, पैशाचे वाद, मुलाचे मार्क हे निघायच्या दहा मिनिटं आधीच्या फोनवर काढायचं नाही, कारण ते डोक्यात घेऊन माणूस गाडीत बसतो. झोपलेला असताना उठवायचं नाही हे वहिनींनी स्वतःहून घातलं.

पहिल्याच ट्रिपला दादा हॉल्टवर फोन करायचे विसरले. साहजिकच जोरदार भांडण झालं आणि वहिनींचा मला मेसेज, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" अशा वेळी लोकांना वाटतं उपाय फेल गेला. सवय बसायला वेळ लागतो, आणि दादांनाही वर्षानुवर्षं कुणाला काही न सांगता थांबायची सवय होती. हळूहळू जमलं. पाऊसपाण्याच्या रात्री वहिनी अजूनही मधेच फोन करतात, पण एकदाच करतात आणि दादा उचलत नाहीत, आणि त्याचा अर्थ आता दोघांना माहीत आहे.

घोरण्याबद्दलही मी विचारलं होतं, वहिनी म्हणाल्या खूप, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो. झोपेत श्वास थांबण्याचा आजार असेल तर कितीही तास झोपलं तरी दिवसा डोळे मिटतात, त्यामुळे डॉक्टरकडे पाठवलं. लायसन्स जाईल ह्या भीतीने दादांनी दोन ट्रिप टाळलं, मग गेले. उपचार आहेत आणि उपचार घेणारा ड्रायव्हर लपवणाऱ्यापेक्षा रस्त्यावर कधीही बरा, एवढंच मी त्यांना म्हटलं होतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची झोप-भूक काळजीने आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर असं घरगुती ठरवून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि संशयाला खरंच काही कारण असेल, किंवा घरात मारहाण असेल, तर वरचं काहीच लागू होत नाही, तिथे बोलणं वेगळं होतं.

मालकाच्या फोनचं मात्र काही जमलेलं नाही. बायकोचा फोन न उचलणं चालतं, मालक गाडी कुठे पोचली म्हणून दर तासाला विचारतो आणि त्याचा न उचलून चालत नाही. दादांनी मोबाईलला "गाडी चालवतोय, थांबल्यावर करतो" असा आपोआप जाणारा मेसेज लावला, त्यावर पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या. गाडीला जीपीएस मालकानेच बसवलाय, तरी त्याला फोनच लागतो. पुढच्या वेळी घरी आले की त्यावर बोलायचं ठरलंय.