महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धेत पहिल्या चार मानांकितांना ‘बाय’ (पहिली फेरी न खेळता थेट दुसऱ्या फेरीत प्रवेश) देणे हा पक्षपात नव्हता का? दुहेरीतही तसेच होते का?

पक्षपात मुळीच नव्हता. हा आरोप मी घरातच इतकी वर्षे ऐकत आलो आहे की सविस्तर लिहिणे भाग आहे. पुण्यात बालेवाडीला होणाऱ्या या स्पर्धेत एकेरीत 28 खेळाडू असत आणि ड्रॉ, म्हणजे सामन्यांचा तक्ता, 32 जागांचा. उरलेल्या चार जागांचा लाभ जागतिक क्रमवारीनुसार ठरलेल्या पहिल्या चार मानांकितांना मिळे.

2019 चा अंतिम सामना पाहायला मी आणि माझे थोरले मेहुणे सांगलीहून गेलो होतो. केव्हिन अँडरसनने 39 वर्षांच्या इव्हो कार्लोविचला 7-6, 6-7, 7-6 असे हरवले. कार्लोविचने सर्व्हिस केली की आमच्या नजरेला चेंडू सापडेपर्यंत तो मागच्या फळीवर आदळलेला असे. तिसऱ्या सेटचा टायब्रेक (6-6 बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) 7-5 असा संपला तेव्हा मेहुणे संतापून उठले. कार्लोविचला पाच सामने खेळावे लागले आणि अँडरसनला चारच, हे त्यांचे म्हणणे खंबाटकीपासून पेठ नाक्यापर्यंत चालू होते. सांगलीतल्या एका स्पर्धेत आयोजकांनी ओळखीच्या मुलांना बाय दिलेले त्यांनी पाहिले होते आणि तोच न्याय ते इथे लावत होते. मला हे तेव्हाही पटले नाही, कारण ओळखीवर दिलेला बाय आणि वर्षभर सामने जिंकून कमावलेला बाय यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिवाय निकाल पाहावेत. 2018 मध्ये याच अँडरसनला बाय होता, तरी बिगरमानांकित जिल सिमोनने त्याला अंतिम सामन्यात 7-6, 6-2 असे हरवले. 2019 मध्ये दुसरा मानांकित चुंग ह्यॉन बाय घेऊन आला आणि पहिल्याच सामन्यात गुल्बिसकडून हरला. 2020 चा विजेता वेसेली, 2022 चा सूसा आणि 2023 चा ग्रीक्सपूर, तिघेही बिगरमानांकित. पुण्यातल्या पाच विजेत्यांपैकी बाय मिळालेला एकटा अँडरसन. तुमच्या घरीही कोणी असा वाद घालत असेल, तर त्यांच्यापुढे हे पाच ड्रॉ ठेवावेत. माझ्या मेहुण्यांनी ते अजून पाहिलेले नाहीत.

दुहेरीत 16 जोड्या असल्याने बायचा प्रश्नच नव्हता. एक मात्र मान्य करतो: चाळिशीला आलेल्या खेळाडूला आठवड्यात एक सामना कमी खेळावा लागणे ही मोठी सवलत आहे, आणि त्या दिवशी कार्लोविचला तिचा उपयोग झाला असता.