अध्यक्षांचा आदेश की मंडळाचा ठराव?

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांचे सोयाबीन आणि तूर खरेदी करते. गोदामाच्या पत्र्यांचे बिल लगेच द्यावे, असे अध्यक्षांनी सांगितले. मात्र संचालक मंडळाचा ठराव झाल्याशिवाय धनादेशावर सही करणार नाही, असे सीईओंनी कळवले. या दोघांत अधिकार कोणाचा? मोठ्या कंपन्यांतील मॅनेजिंग डायरेक्टर आणि सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) यांचे काम यापेक्षा वेगळे असते का?
– एक सभासद, औसा, जि. लातूर

उत्तर : आपल्या भागात सीईओ म्हटले की जिल्हा परिषदेचे अधिकारी डोळ्यांसमोर येतात. त्यांची नेमणूक राज्य सरकार करते. कंपनीतील सीईओंना मात्र संचालक मंडळच नेमते आणि ते मंडळालाच उत्तरदायी असतात. येथे ‘मंडळ’ या शब्दाकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण एकटे अध्यक्ष म्हणजे मंडळ नव्हे. अध्यक्ष बैठक चालवतात आणि चर्चा निर्णयापर्यंत नेतात. पण मंडळाने तसा अधिकार दिलेला नसेल, तर त्यांची तोंडी सूचना ठरावाची जागा घेऊ शकत नाही.

कंपनी कायदा, 2013 नुसार प्रत्येक उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी, म्हणजेच सीईओ, नेमावाच लागतो आणि तो सभासदांबाहेरचा असावा लागतो. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण ज्याचा स्वतःचा माल काट्यावर यायचा नाही, त्याला सर्वांच्या मालाला एकच माप लावणे सोपे जाते. तो पदसिद्ध संचालकही असतो. दैनंदिन कारभार, रोकड सांभाळणे, हिशेबाची पुस्तके ठेवणे ही त्याची कामे. बँक खाते मात्र त्याने मंडळाच्या मान्यतेच्या अधीन राहूनच चालवायचे असते. त्यामुळे या खर्चाला मंडळाची आधीच मंजुरी नसेल, तर आपल्या सीईओंनी ठराव मागितला यात अध्यक्षांचा अवमान नाही.

मॅनेजिंग डायरेक्टर, म्हणजेच साखर कारखान्यांमुळे परिचित असलेले कार्यकारी संचालक, कंपनीत संचालक असावेच लागतात आणि कारभाराचे भरीव अधिकार त्यांच्याकडे असतात. एका वेळी त्यांची नेमणूक पाच वर्षांपेक्षा अधिक काळासाठी करता येत नाही. इतर कंपन्यांतील सीईओ संचालक असेलच असे नाही. सीएफओ पैशाची बाजू पाहतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, तसेच 10 कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या सार्वजनिक (पब्लिक लिमिटेड) कंपन्यांना सीएफओ आणि कंपनी सचिव पूर्णवेळ नेमावे लागतात. उत्पादक कंपनीला हा नियम लागू होत नाही.

तुमच्या वादावर उपाय सोपा आहे. किती रकमेपर्यंतचा खर्च सीईओंनी स्वतःच्या अधिकारात करावा आणि त्यापुढील खर्चाला कोणाची मान्यता लागेल, हे पुढच्या बैठकीत ठराव करून इतिवृत्तात नोंदवून घ्या. पत्र्यांचे बिलही त्याच बैठकीपुढे ठेवावे.