उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांच्या शिल्पांतलं नाचणारं अस्वल शंखजिऱ्याचं असतं का?

बहुतेक वेळा नाही. दुकानदार सरसकट 'सोपस्टोन', म्हणजे शंखजिरं, म्हणतात. पण कॅनडाच्या बॅफिन बेटाजवळच्या किनगाइट (जुनं नाव केप डॉरसेट) गावातली ती हिरवी, काळसर अस्वलं बहुधा सर्पेंटाइन नावाच्या दगडाची असतात. शंखजिऱ्यावर नखाने ओरखडा उठतो, सर्पेंटाइनवर उठत नाही.

एका पायावर तोललेल्या अस्वलासाठी सगळ्यात जास्त नाव झालं ते याच गावच्या पाउटा सैला यांचं (निधन २००९). पुढे नूना पार यांनीही अशीच अस्वलं घडवली. मला पाउटांचं अस्वल जास्त आवडतं. जाडजूड, खांबासारखे पाय, एक पाय उचललेला, तरी दगडाचं वजन जाणवतं. हा तोल साधणंच खरं कठीण आहे, कारण सगळा भार एका पायावर येतो आणि दगडात बारीकशी चीर असली तरी तो तिथेच तुटतो.

काम बहुतेक उघड्यावरच चालतं, कडाक्याच्या थंडीतही. ग्राइंडर फिरला की पांढऱ्या धुळीचे लोट उठतात आणि ती धूळ फुफ्फुसांना फार वाईट. मग कानशीने घासायचं, शेवटी पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने तासन् तास. हिरवा रंग खुलतो तो तेव्हाच.

विकत घेणार असाल तर इग्लूचं (बर्फाच्या घराचं) चित्र असलेलं लेबल मागा. ते १९५८ पासून आहे, नकली माल ओळखता यावा म्हणूनच काढलेलं. शिल्पाच्या तळाशी कोरलेली सहीही बघा. बऱ्याचदा ती इन्युइटांच्या इन्युक्टिटुट भाषेच्या लिपीत असते.