एम २२ आणि एम ५४ हे दोन्ही धनू राशीतले गोलाकार तारकागुच्छ. ८ इंची दुर्बिणीतून एम २२ मधले तारे सुटे दिसतात, मग एम ५४ नुसता धुरकट गोळाच का दिसतो?

दुर्बिणीत काही बिघाड नाही, उगाच कोलिमेशन (आरसे सरळ रेषेत जुळवणं) करत बसू नका. एम ५४ हा मुळात आपल्या आकाशगंगेचा गुच्छच नाही. तो धनू बटुदीर्घिका या शेजारच्या छोट्या दीर्घिकेच्या गाभ्यात, सुमारे ८७,००० प्रकाशवर्षांवर आहे. एम २२ जेमतेम साडेदहा हजारांवर.

अंतर आठपट, आणि तेज अंतराच्या वर्गाने घटतं, म्हणजे ते साधारण पासष्टपट कमी. हा फरक साडेचार प्रतींचा होतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा फिका). एम २२ च्या वाटेत धूळ जास्त असल्याने प्रत्यक्षात तो चारच्या आसपास येतो. एम २२ चे सर्वांत तेजस्वी लाल राक्षसी तारे ११व्या प्रतीचे, तर एम ५४ चे १५च्याही पलीकडचे. अंधाऱ्या आकाशात ८ इंची आरसा १४व्या प्रतीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे त्यातला एकही तारा हाती लागत नाही. तरीही अख्खा गुच्छ ७.६ प्रतीचा दिसतो, कारण तो प्रचंड आहे: निरपेक्ष प्रत, म्हणजे सगळे एकाच ठरावीक अंतरावर ठेवले तर दिसेल ती प्रत, उणे १०. आकाशगंगेभोवतीच्या गोलाकार गुच्छांत ओमेगा सेंटॉरी तेवढा त्याच्या पुढे. शिवाय तारे मध्याकडे दाटलेले आहेत. ज्याच्या यादीवरून ‘एम’ क्रमांक आले त्या मेसियरने १७७८ साली तो शोधला तेव्हा त्यानेही ‘मध्य तेजस्वी, तारा एकही नाही’ अशीच नोंद केली.

आधी बघता आहात तो एम ५४च आहे ना, हे तपासा. धनूतल्या ताऱ्यांच्या ‘किटली’चा तळ म्हणजे झीटा आणि एप्सिलॉन या ताऱ्यांना जोडणारी रेघ. झीटापासून त्या रेघेवर साधारण पाचव्या हिश्शावर, किंचित उत्तरेला एम ५४ आहे. झीटापासून अंतर पावणेदोन अंश. अर्ध्यावर गेलात तर एम ७० हा दुसराच गुच्छ सापडतो, आणि घोळ नेमका इथेच होतो. ४०-५० पट वर्धनात एम ५४ फोकस बिघडलेल्या ताऱ्यासारखा दिसतो. १५० ते २०० पटींवर गाभा आणि भोवतीचं फिकं वलय वेगळं कळतं, तेही गुच्छ मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच असताना. उत्तर गोलार्धात ५९.५ मधून आपला अक्षांश वजा करा, तीच त्याची कमाल उंची. ती २५ अंशांच्या खाली असेल तर हवेची थरथर २०० पट वापरू देणार नाही.

१२ इंचीतून तारे सुटे दिसल्याचे दावे वाचाल. त्यातला ठिपका १३-१४ प्रतीचा असेल तर तो एम ५४ चा नव्हे, वाटेतला आपल्याच आकाशगंगेचा तारा आहे.

हे परकेपण कळायला १९९४ उजाडलं. इबाटा, गिलमोर आणि अर्विन हे खगोलशास्त्रज्ञ आकाशगंगेच्या मध्यफुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजत होते. सेकंदाला सुमारे १४० किमी वेगाने एकत्र दूर जाणारा एक गट त्यांना वेगळा दिसला: हीच बटुदीर्घिका. एम ५४ चा वेगही तोच आणि अंतरही जुळतं. दीर्घिका स्वतः मात्र दुर्बिणीत शोधू नका. तिचे तारे कित्येक अंशांवर विरळ पसरलेत आणि पुढ्यात आपल्याच ताऱ्यांची गर्दी आहे.

सुटे तारे हवेच असतील तर कॅमेरा लावा. ट्रॅकिंग माउंटवर (आकाशाबरोबर फिरणाऱ्या बैठकीवर) २०-३० सेकंदांच्या ५०-६० फ्रेम्स स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक जोडल्या, की ८ इंचीतूनही १६वी प्रत सहज मिळते आणि कडेचे राक्षसी तारे उमटतात. गाभा जळत (नुसता पांढरा येत) असेल तर १० सेकंदांच्या फ्रेम्स वेगळ्या घ्या.