नाटकाच्या शेवटच्या प्रयोगाला सहकाऱ्यांना आभाराची चिठ्ठी द्यावी का? कधी आणि कोणाला?

जरूर द्या. फक्त तिसऱ्या घंटेच्या तोंडावर नको; तेव्हा नट भूमिकेत शिरत असतो आणि बॅकस्टेजवाले प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, तपासत असतात. मेकअपला बसण्याआधी द्या. नाहीतर सगळं आवरल्यावर. सेट उतरत असताना चिठ्ठ्या वाटत फिरू नका, आधी हात लावा.

पडदा पडला की दिग्दर्शक आणि नटांचं कौतुक आपोआप होतं. विंगेच्या, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या, अंधारात उभं राहून नेमक्या क्षणी तुमच्या हातात कंदील देणाऱ्याचं नाव मात्र कुणी घेत नाही. म्हणून पहिली चिठ्ठी त्याला. मग प्रकाश, संगीत, रंगभूषा, कपडेपट सांभाळणाऱ्यांना.

‘सहकार्याबद्दल आभार’ असं छापील काही लिहू नका. ‘दुसऱ्या अंकात मी वाक्य विसरले तेव्हा तुम्ही विंगेतून शब्द दिलात’ एवढं एक वाक्य पुरतं, आणि माणूस ते वर्षानुवर्षं जपून ठेवतो. प्रत्येकाला वेगळं लिहा. मेकअप रूममध्ये चिठ्ठ्या एकमेकांना दाखवल्या जातातच. ज्येष्ठांना देताना वाकून नमस्कार करतात, ती पद्धत मला फार आवडते. आणि चिठ्ठीत अभिनयाच्या सूचना अजिबात नकोत, त्या तालमीतच द्यायच्या असतात.